‘अरे, गंमत केली!’ : एकत्र हसून विश्वास जोडताना या चुका टाळा

नवा मॅनेजर रुजू होतो आणि पहिल्याच मीटिंगमध्ये एक विनोद सांगतो. मोबाइलवर आलेला, बहुतेक वेळा नवरा-बायकोचा. समोरचे दहाच्या दहा जण हसतात. मॅनेजरला वाटतं, टीम खुलली. टीम खुललेली नसते, ती नोकरी करत असते.

हसण्याने माणसं जवळ येतात हे खरं आहे. ‘म्हणून विनोद सांगावेत’ हा त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. अमेरिकेत मेरीलँडला रॉबर्ट प्रोव्हाइन नावाचे संशोधक होते. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रस्त्यावर, मॉलमध्ये, कॉलेजच्या आवारात लोक नेमकं कोणत्या वाक्यानंतर हसतात याच्या १२०० नोंदी केल्या. विनोद म्हणता येईल अशी वाक्यं त्यात १० ते २० टक्केच निघाली. बाकी सगळी ‘चला, निघतो’, ‘अरे, हा बघ कोण आला’ अशा थाटाची. शिवाय बोलणारा माणूस ऐकणाऱ्यापेक्षा सरासरी ४६ टक्के जास्त हसत होता. एकटं असताना माणूस जितका हसतो त्याच्या तीसेक पट तो चार माणसांत हसतो, हेही त्यांनीच दाखवलं. म्हणजे हसणं हा ‘मी तुमच्यातला आहे’ असं सांगायचा आवाज आहे. विनोद हे त्याचं एक निमित्त, आणि तेही सगळ्यांत भरवशाचं नाही.

विनोदांचा साठा करून येणं

हा साठा पुरत नाही, याचा पुरावा मुंबईतच आहे. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ला अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत जेमतेम पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. सुरुवातीची पद्धत साधी होती. गोल उभं राहायचं, एकाने मध्ये येऊन विनोद सांगायचा, बाकीच्यांनी हसायचं. दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले. मग अचकट-विचकट आले, कोणाला तरी लागणारे आले, आणि लोकांनी तक्रार केली. क्लब बंद पडायची वेळ आली तेव्हा कटारियांनी विनोदच काढून टाकले आणि विनोदाशिवाय हसण्याचे व्यायाम बसवले. आज जगभर चालतात ते हेच.

बागेत रोज स्वखुशीने, हसायचं ठरवून येणाऱ्यांचा साठा जर दोन आठवड्यांत संपतो, तर सोमवारी सकाळी साडेनऊला तुमच्यासमोर नाइलाजाने बसलेल्या लोकांवर तो किती दिवस पुरणार? तिसऱ्या मीटिंगपर्यंत तुम्ही ‘पांचट जोकवाले सर’ झालेले असता.

दुसरी अडचण अधिकाराची. कमी अधिकाराच्या जागी बसलेली माणसं न जमलेल्या विनोदावरही जास्त हसतात, हे २००७च्या एका अभ्यासात प्रयोगाने दिसलं. ज्याने आयुष्यात एकदा तरी अप्रेझल दिलंय त्याला त्यासाठी प्रयोगाची गरज नाही. साहेबांना मात्र हे हसू खरं वाटतं, कारण ते नेहमी तेवढंच येतं.

हसू खरं की पगारी, हे ओळखायचं कसं? डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडतात का पाहा, असं सगळे सांगतात. फ्रान्सच्या ड्युशेन नावाच्या डॉक्टरांनी १८६२मध्ये ते मांडलं. पण सराव असलेली माणसं डोळेही हसवतात, आणि आपल्याकडच्या ऑफिसांत सराव भरपूर आहे. माझी खूण वेगळी: तुमच्या विनोदावर कोणी भर घातली का? खरं हसणारा माणूस गप्प बसत नाही. ‘हो, आणि वर तो छत्रीही विसरला!’ असं काहीतरी जोडतो, मग तिसरा त्यावर आणखी काही. पगारी हसू दोन सेकंदांत संपतं, आणि सगळ्यांचं एकदमच संपतं, पंख्याचं बटण बंद केल्यासारखं.

उपाय सांगितला की नवख्यांचा चेहरा पडतो, कारण त्यात करण्यासारखं काही दिसत नाही. पहिला महिना विनोद शून्य. मीटिंगला चार-पाच मिनिटं आधी जाऊन बसायचं. त्या वेळात लोक आपापसांत बोलत असतात, त्यात मनापासून हसू येईल तिथे हसायचं, नाही आलं तर नाही. स्वतः काही बोलायचंच झालं तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलेल्या गोष्टीवर. प्रोजेक्टर चौथ्यांदा निळा पडला, लिफ्ट पुन्हा तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसली, कँटीनची मटकी आज चक्क तिखट आहे, असलं काही. हे विनोद म्हणून सांगितले तर कोणी ढुंकूनही पाहणार नाही, पण तिथे असलेल्या सगळ्यांचा त्यात सारखा वाटा असतो. बाहेरून आणलेल्या विनोदात सांगणारा एक आणि ऐकणारे दहा असतात. समोर घडलेल्या गोष्टीत अकरा साक्षीदार असतात.

‘पाणी’ म्हण बघू : एकाच माणसावर हसणारी टीम

या चुकीवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण ती करणारे सगळे स्वतःला खेळीमेळीचे समजतात.

पुण्याच्या आयटीतली एक टीम. नाव नको. नऊ माणसं, आठ पुण्या-मुंबईची, नववा नांदेडकडचा. हुशार, कमी बोलणारा. पहिल्या आठवड्यात तो ‘पानी’ म्हणाला आणि कोणीतरी ‘पानी नाही रे, पाणी’ म्हणून खेचली. सगळे हसले, तोही हसला. मग ते रोजचं झालं. त्याने कॉलवर तोंड उघडलं की कोणीतरी हळूच ‘लोनी’ म्हणायचं, ग्रुपवर ‘आनि मंग?’ लिहायचं. तो दर वेळी हसायचा. टीम लीडच्या लेखी टीमचं एकदम जमलेलं होतं, कारण रोज हशा ऐकू यायचा.

तिसऱ्या महिन्यात एका परदेशी ग्राहकाकडून येणारी फाइल सिस्टीममध्ये चढवायचं काम आलं. त्या फाइलमध्ये तारखा आधी महिना, मग दिवस अशा होत्या. आपल्याकडचा प्रोग्रॅम आधी दिवस धरून चालला होता. हे या मुलाच्या लक्षात आलं आणि त्याने ग्रुपवर एक ओळ टाकली. तिच्यातही ‘आनि’ होतं. उत्तरात दोन हसरे चेहरे आले आणि कोणाचं तरी ‘आनि काय?’ त्याने पुन्हा लिहिलं नाही.

अशा चुकीची खोड अशी की ती अर्धी लपते. महिन्याचा १३ ते ३१ दिवस असलेल्या ओळी आपटतात, कारण तेरावा महिना नसतो, आणि त्या लगेच दिसतात. १ ते १२ दिवसांच्या ओळी मात्र बिनतक्रार आत जातात, फक्त ५ जूनचा ६ मे होतो. सोमवारी आपटलेल्या ओळी दुरुस्त झाल्या आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. चुकीची बिलं महिन्याअखेरीस सापडली. ती निस्तरायला तीन दिवस आणि ग्राहकाशी दोन अवघड कॉल लागले. ‘तुला माहीत होतं तर बोलला का नाहीस?’ असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘बोललो होतो.’ ग्रुप वर सरकवून पाहिला तर खरंच बोलला होता.

इथे बिघडलं काय? हसू कमी नव्हतं, वाटणी चुकली होती. आठ जणांचं एकमेकांवरचं प्रेम नवव्याच्या खर्चाने वाढत होतं. तो हसत होता म्हणून त्याला चालतंय असं धरलं गेलं. पण ज्याच्यावर सगळे हसतात त्याच्याकडे दोनच वाटा असतात: आपणही हसायचं, नाहीतर ‘मनावर घेणारा’ ठरायचं. पहिल्या तीन महिन्यांत दुसरी वाट परवडणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

मराठीत या प्रकाराला इतके शब्द आहेत ते उगाच नव्हे. गंमत, थट्टा, मस्करी, फिरकी, चेष्टा, टिंगल, टवाळी, खिल्ली, कुचेष्टा. डावीकडून उजवीकडे जाताना समोरच्याचा वाटा कमी कमी होत जातो. गंमत दोघांची असते, कुचेष्टा एकाचीच. आणि मस्करीची कुस्करी कधी झाली हे करणाऱ्याला कधीच कळत नाही, कारण त्याच्या बाजूने आवाज तोच येत असतो.

‘पण थट्टेशिवाय जवळीक कशी येणार?’ हा प्रश्न लगेच येतो. थट्टा बंद करा असं कोणी म्हणत नाहीये. आपल्याच घरांत दीर-भावजयीची थट्टा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. मानववंशशास्त्रात थट्टेच्या नात्यांवर रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४०मध्ये लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. त्यांचं म्हणणं असं की काही नात्यांत थट्टेला रूढीनेच परवानगी असते आणि समोरच्याने राग मानायचा नाही हेही रूढीनेच ठरलेलं असतं. दीर बोलला तर भावजय उलटून बोलू शकते, आणि घर दोघांनाही हसतं. हा करार टीममध्ये पहिल्या आठवड्यात झालेला नसतो. तुम्ही फक्त दिराचा हक्क घेता.

म्हणून मी तीन गोष्टी बघतो. तो माणूस मला तितक्याच जोरात उलटून बोलू शकतो का? विषय त्याने स्वतः आधी काढला होता का? आणि ती गोष्ट त्याला बदलता येण्यासारखी आहे का? पहिलं आणि तिसरं ‘हो’ नसेल तर गप्प. उच्चार, जात, रंग, उंची, टक्कल, गाव, घटस्फोट, मूल नसणं, हे सगळं तिसऱ्यात गळतं. कोणी उशिरा येतो, कोणी चहात चार चमचे साखर घालतो, कोणाच्या डब्यात रोज भेंडी असते, एवढं पुरेसं आहे. खरंच पुरतं.

कायद्याचंही एकदा स्पष्ट बोललेलं बरं. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा लैंगिक अर्थाची शेरेबाजीही छळ म्हणूनच धरतो. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते आणि तक्रारीला घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते. जातीवरून चारचौघांत केलेला अपमान १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली येऊ शकतो. ‘गंमत केली’ म्हटलं की प्रकरण मिटलं, या समजात कोणी राहू नये.

आधीच चूक झाली असेल तर? दुरुस्तीचीही लोक घाई करतात आणि ती आणखी बिघडवतात. चारचौघांत ‘काय रे, रागावलास की काय?’ विचारणं म्हणजे त्याला पुन्हा मध्ये उभं करणं. तो ‘नाही हो’च म्हणणार. आधी एकट्याला गाठा, मीटिंग रूममध्ये बोलावून नव्हे, टपरीवर चहाला जाता-जाता. तीन वाक्यं पुरतात: मी तुझ्या बोलण्यावरून खेचत होतो. ते चुकलं. आता करणार नाही. चौथं वाक्य बहुतेक वेळा ‘पण’ने सुरू होतं, ते गिळा. मग चारचौघांत एकच काम करायचं: पुढच्या वेळी दुसऱ्या कोणी तोच विषय काढला की न हसता विषय पुढे न्यायचा. ‘हां, तू तारखांचं काय म्हणत होतास?’ टोळीतला एक मुख्य हसणारा गप्प झाला की बाकीच्यांची मजा दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरते. स्वतःवर दहा विनोद करून हिशेब चुकता करायचा प्रयत्न नको. तो माणूस हिशेब मागत नसतो, त्याला काम करायचं असतं.

हसण्याच्या भरात सांगितलेलं दुसऱ्या दिवशी वापरणं

लोक याला चूक मानतच नाहीत, पण हिने गेलेला विश्वास सर्वांत उशिरा परत येतो.

इंग्लंडमध्ये २०१५च्या एका प्रयोगात ११२ विद्यार्थ्यांना छोट्या गटांत बसवून दहा मिनिटांचा व्हिडिओ दाखवला. काहींना विनोदी कलाकाराचा, काहींना गोल्फच्या धड्याचा, काहींना जंगलातल्या प्राण्यांचा. नंतर प्रत्येकाने गटातल्या दुसऱ्याला स्वतःबद्दल थोडं लिहून द्यायचं होतं. हसलेल्या गटांनी जास्त खासगी गोष्टी लिहिल्या. खरी मेख पुढे आहे: त्रयस्थ वाचणाऱ्यांना ते जाणवलं, पण लिहिणाऱ्यांना स्वतःला आपण जास्त सांगतोय असं वाटलंच नाही.

आता टीमची लोणावळ्याची सहल डोळ्यांसमोर आणा. रात्री अकरा, गच्ची, पोटभर हसून झालंय. कोणीतरी बोलून जातं की मी दुसरीकडे मुलाखती देतोय, किंवा घरी वडिलांशी बोलणं बंद आहे, किंवा मला या कामातलं खरं तर काहीच येत नाही. सांगणाऱ्याला त्या क्षणी ते मोठं वाटत नाही. सकाळी नाश्त्याला एखादा त्याच गोष्टीवर मजा करतो, ‘काय, मुलाखत कशी झाली?’, आणि पोह्यांवर हात तसाच थांबतो.

माझा नियम कडक आहे. हशाच्या भरात ऐकलेली खासगी गोष्ट मी ऐकलेलीच नाही. ती पुन्हा काढायचा अधिकार ज्याने सांगितली त्याचाच, आणि तोही त्याने शांत डोक्याने काढली तर. बॉसने तर हा नियम दुप्पट कडक पाळावा, आणि रात्री अकराला गच्चीवर नसावंच. दहाला झोपायला जाणारा बॉस टीमला आवडतो, याची कारणं सांगायला नकोत.

उलट बाजूनेही एक इशारा. विक्रीच्या प्रशिक्षणात ‘ग्राहकाला आधी हसवा, मग तो मोकळा होतो’ असं शिकवतात. होतो खरा. पण त्याने मोकळेपणाने सांगितलेलं बजेट तुम्ही पाच मिनिटांनी कोटेशनमध्ये तंतोतंत टाकलंत, तर पुढच्या वेळी तो हसणारही नाही आणि सांगणारही नाही. असले शॉर्टकट एकदाच चालतात.

साठ माणसांचा फन फ्रायडे

शुक्रवारी चार वाजता सगळ्यांना हॉलमध्ये बोलवायचं, माइक, खेळ, ‘चला, सगळे हसा!’ बजेटही मंजूर असतं. का जमत नाही? कारण हसण्याची टोळी मुळातच छोटी असते. बारमध्ये बसलेल्या लोकांवरच्या एका युरोपीय पाहणीत एकत्र बोलणारे साधारण चारपर्यंत असतात आणि त्यातले एकत्र हसणारे सरासरी तीनच, असं दिसलं होतं. साठ जणांच्या हॉलमध्ये वीस टोळ्या असतात आणि माइकवाला त्या वीसही मोडतो.

त्याच पैशात चार-चार जणांची टेबलं लावा, वेगवेगळ्या विभागांतली माणसं एकत्र बसवा, खायला हाताने खायचं काहीतरी द्या. भेळ, वडापाव, कणीस, कपड्यांवर सांडेल असं काहीही. माइक कपाटात. पाऊण तासात काम होतं.

शरीराचा भागही इथे येतो. पोटातून, श्वास संपेपर्यंत हसलं की वेदना सहन करण्याची ताकद वाढते, हे ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबर यांच्या गटाने लोकांच्या हाताला बर्फगार पट्टी बांधून किंवा रक्तदाबाचा पट्टा आवळून तपासलं. नंतर फिनलंडमध्ये बारा पुरुषांना मित्रांबरोबर हसवून मेंदूचं स्कॅन केलं, तेव्हा मेंदूची स्वतःची अफूसारखी रसायनं वाढलेली दिसली. हे सगळं पोटातल्या हसण्याचं आहे. माइकवर मागितलेल्या ‘हा-हा’चं यात काही नाही. बागेतले हास्यक्लबवाले रोजच्या सरावाने खोट्यातून खऱ्यात जातात, पण ते स्वखुशीने आलेले असतात आणि त्यांना सहा वाजता टाइमशीट भरायची नसते.

भांडणाच्या मध्यावर विनोद

घरातली चूक नंबर एक. बायको पोटतिडकीने काही सांगत असते आणि नवरा ‘झाली का बातमीपत्राची वेळ?’ म्हणतो. त्याच्या मते तो वातावरण हलकं करत असतो. तिच्या कानावर जातं ते असं: तुझं म्हणणं हसण्यावारी नेण्याच्या लायकीचं आहे.

जोडप्यांची भांडणं अनेक वर्षं नोंदवणारे जॉन गॉटमन तुच्छतेला लग्न मोडण्याची सर्वांत मोठी खूण मानतात, आणि टोमणा हा तिचा नेहमीचा पोशाख. पण तेच गॉटमन हेही सांगतात की भांडणात मध्येच केलेली एखादी मऊ गंमत संसार तारते. मग फरक कशात? गंमत कोणावर आहे, यात. ‘आपण दोघं गॅसच्या सिलिंडरवरून रात्री साडेबाराला भांडतोय’ ही दोघांवर आहे. ‘तुझ्या आईने शिकवलंय ना असं बोलायला’ ही एकावर आहे, मग आवाज कितीही गोड काढा. आणि समोरच्याची छाती धडधडत असेल, चेहरा लाल असेल, तर मऊ गंमतही नको. तेव्हा माणूस ऐकूच शकत नाही. निदान वीस मिनिटं वेगळ्या खोलीत, मग बोला. वीस म्हणजे वीस. पाचव्या मिनिटाला दार वाजवून ‘झालं का शांत?’ विचारणाऱ्यांसाठी माझ्याकडे उपाय नाही.

२०१५मध्ये अमेरिकेत ७१ जोडप्यांना ‘तुमची पहिली भेट कशी झाली’ ते सांगायला लावून चित्रण केलं होतं. जी जोडपी त्या वेळात जास्त वेळ एकत्र, एकाच वेळी हसली, ती एकमेकांच्या जास्त जवळ आणि एकमेकांवर जास्त विसंबून असलेली निघाली. शब्द नीट वाचा: एकाच वेळी. पार्टीत नवरा किस्सा सांगतो, सगळा हॉल हसतो आणि बायको पापडाकडे बघत बसते, हे हसू संसाराच्या खात्यात जमा होत नाही. कित्येकदा खर्ची पडतं. तो किस्सा तिच्याबद्दलचा असतो, हे वेगळं सांगायला नको.

घरासाठी एकच सवय सुचवेन. जुना, दोघांचा म्हणून काहीतरी मूर्खपणाचा शब्द असतो, लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासातला किंवा जळलेल्या पुरणपोळीच्या दिवसाचा. तो जपून ठेवा आणि परक्यांसमोर उघडू नका. बाहेर सांगितला की त्याचा किस्सा होतो, मग तो दोघांचा राहत नाही.

भाषेचा उंबरा

टीममध्ये सात मराठी, एक तमिळ, एक बंगाली. मराठीत काहीतरी होतं, सात जण लोळतात. तमिळ मुलगी विचारते, काय झालं? उत्तर येतं: ‘कुछ नहीं, मराठी में था.’ या पाच शब्दांनी जेवढं अंतर पडतं तेवढं एखाद्या रागावलेल्या ईमेलनेही पडत नाही. लगेच, दहा सेकंदांच्या आत, मोडक्यातोडक्या हिंदीत सांगून टाका. सांगताना मजा जाणार, जाऊ दे. बहुतेक वेळा तुमच्या भाषांतराच्या फजितीवर सगळे नऊ हसतात, आणि ते सातांच्या हशापेक्षा कामाचं असतं. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींनी दुसऱ्या पिढीच्या मुलांबाबतही हेच करावं. जेवणाच्या टेबलावर मोठे हसतात आणि मुलं फोन काढतात, त्यात फोनचा दोष थोडाच असतो.

उरलेल्या, थोडक्यात

विनोद समजावून सांगणं. कोणी हसलं नाही तर पुढे चला. ‘म्हणजे बघ, त्यात गंमत अशी की…’ ही शिक्षा आहे.

आपल्या मुख्य कामावरच स्वतःची थट्टा. डॉक्टरने आपल्या पार्किंगवर हसावं, टाके घालण्यावर नाही. सीएने स्वयंपाकावर हसावं, बेरजेवर नाही.

वाईट बातमी देताना हसू फुटणं. हे घाबरल्याने होतं, कपटाने नाही, पण समोरच्याला तसं दिसत नाही. बातमीचं पहिलं वाक्य लिहून न्या आणि ते वाचून दाखवा.

नवीन सुनेच्या किंवा जावयाच्या पहिल्या वर्षात तिच्या वा त्याच्या माहेरावर, घरच्यांवर मजा. एक वर्ष थांबा. घाई कशाची?

फॅमिली ग्रुपवर बायकोवरचे विनोद पाठवणं. त्याच ग्रुपवर तिचे भाऊही असतात.

टाइप केलेलं ‘हाहाहा’ हे हसणं म्हणून मोजू नका. तो बहुतेक वेळा संभाषण संपवायचा सभ्य मार्ग असतो.

व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना म्यूट ठेवणं. सहा जणांपर्यंतच्या कॉलला माइक चालूच राहू द्या, कुकरची शिट्टी आली तरी चालेल. समोरासमोर बोलताना दोन माणसांच्या बोलण्यामधली फट साधारण पाव सेकंदाहूनही कमी असते. म्यूट काढायला दोन सेकंद लागतात, तोवर हसण्याची वेळ गेलेली असते आणि सांगणारा शांततेत एकटा उभा असतो. दोन-तीन वेळा असं झालं की तो बोलायचं सोडतो. इंटरनेट रडत असेल तर आधी व्हिडिओ बंद करा, माइक सर्वांत शेवटी.

आणि आपल्या टीमचं नेमकं काय चाललंय हे कळत नसेल, तर आठवडाभर वहीत चार रकाने आखा: कोणी सुरू केलं, कोण कोण हसलं, कोणावर होतं, कोणी भर घातली. रोज पाच-सहा नोंदी पुरतात. तिसऱ्या रकान्यात एकच नाव तीनदा आलं की वर ‘पाणी’चा भाग पुन्हा वाचा. चौथा रकाना रिकामा राहिला आणि पहिल्यात तुमचंच नाव असेल, तर सुरुवातीचा.